लेबलवरचं घर

देश हिरवा होता, यात देशाची फारशी चूक नव्हती. शेजारपाजारचे देश रानं तोडून कारखाने उभारत होते, त्या काळात या देशाची कुऱ्हाडीला दांडा घालण्याचीही ऐपत नव्हती. पुढे शेजाऱ्यांना स्वतःचाच धूर सोसेना. त्यांनी खोकत खोकत मान वळवून पाहिलं, तर हा आपला झाडाखाली पाय पसरून बसलेला. त्यांनी त्याला ज्ञानी ठरवलं. काहीच न करणाऱ्याला ऋषी समजण्याची चूक फक्त माणसंच करतात असं नाही.

एकदा ज्ञानी ठरल्यावर मात्र देशाने वेळ दवडला नाही. निर्यातवाढ मंडळ निघालं, मंडळाने फोटोग्राफर धाडला, फोटोग्राफरने एक फोटो काढला. उतरतं कुरण, कुरणात गाई, एक डेरेदार झाड, मागे गर्द डोंगर आणि डोंगराच्या पायथ्याला पांढऱ्या भिंतींचं, हिरव्या खिडकीचं दुमजली घर. तो फोटो आधी लोण्याच्या डब्यांवर चिकटला. लोणी खपलं. मग तो बॅटऱ्यांवर चिकटला, रबरी नळ्यांवर चिकटला, व्हार्निशवर, डांबरगोळ्यांवर आणि झुरळं मारायच्या पावडरीवरही चिकटला. 'जिथली हवा निर्मळ, तिथली बॅटरी प्रामाणिक' ही ओळ मंडळाचीच. झुरळांच्या पावडरीवर ओळ नव्हती, नुसतं घर होतं. जाता जाता जिवाला जरा हिरवळ दिसावी, एवढाच हेतू असावा.

त्या घरात पडदेवाला राहत होता.

एका नाटक कंपनीत तो नेपथ्य करायचा, म्हणून त्याला सगळे पडदेवाला म्हणत. प्लायवूड, गोणपाट, सरस आणि रंग एवढ्यावर त्याने आयुष्यभर किल्ले बांधले, तुरुंग बांधले, बागा फुलवल्या. बायको त्याच कंपनीत कपडे शिवायची. त्यामुळे राजाचा झगा आणि राजाचा राजवाडा एकाच घरातून निघायचे आणि दोन्ही पाठीमागून उघडे असायचे. पुढे कंपनी बसली. तेव्हापासून तो दुकानांच्या फळ्या ठोकून पोट भरत होता.

फोटोला परवानगी दिली होती ती त्याच्या वडिलांनी. आपलं घर जगभर जाणार या आनंदात म्हाताऱ्याने कागद न वाचताच सही केली आणि वर फोटोग्राफरला चहा पाजला. कागदात एवढंच होतं, की फोटोत जे जसं दिसतं ते तसंच राहील. म्हातारा सुखाने गेला. सही मागे राहिली.

तेव्हापासून घराचं सगळं कुरणासमोरच्या चौथऱ्यावरून ठरायचं. फोटो जिथून काढला, नेमका तिथे मंडळाने दगडी चौथरा बांधला होता. परदेशी गिऱ्हाईक आलं की त्याला तिथे उभं करून देश दाखवायचा. गिऱ्हाईक येण्याआधी मंडळाचे साहेब तिथे उभे राहून तपासणी करायचे. गावाने त्यांना हिरवेसाहेब म्हणायचं ठरवलं होतं, कारण त्यांच्या कोटावर पानाचा बिल्ला असे आणि तो अंघोळीलाही काढत नसावेत अशी गावाची खात्री होती. हिरवेसाहेबांची तपासणीची रीत साधी होती. खिशातून झुरळांच्या पावडरीचा डबा काढायचा, हात लांब करून तो डोळ्यासमोर धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि डब्यावरचं चित्र समोरच्या देखाव्याशी ताडून पाहायचं. जुळलं तर ठीक. न जुळलं तर देखाव्यात सुधारणा. डब्यात सुधारणा होत नसे, कारण डबे आधीच छापलेले होते.

दोरीवर कपडे घालायचे नाहीत. दारात सायकल लावायची नाही. कौल फुटलं तर तसंच जुनं कौल शोधून आणायचं. फोटो काढला त्या दिवशी घरातली मंडळी नाटकाच्या दौऱ्यावर होती, म्हणून माडीची खिडकी बंद होती. त्यामुळे पाहुणे चौथऱ्यावर असेपर्यंत माडीची खिडकी बंदच हवी. खालची पुढची खोली मंडळाने पाहुण्यांना बसायला आणि मालाचे नमुने मांडायला घेतली होती. तिथे काचेच्या कपाटात बॅटऱ्या आणि डांबरगोळ्या देवासारख्या बसलेल्या असत. कुरणातल्या गाईसुद्धा मंडळाच्या होत्या. त्या नोकरीत कायम होत्या, त्यांना गुरांचा डॉक्टर फुकट होता.

घर विकून जावं, तर ज्या घरात टॉवेल वाळत घालता येत नाही ते घेणार कोण? गिऱ्हाइकं यायची, फोटोतलं घर म्हणून हरखायची, नियम ऐकायची आणि चहा न घेताच जायची.

हे सगळं पडदेवाल्याने निभावून नेलं असतं. जन्मभर त्याने दुसऱ्याच्या चौकटीत काम केलं होतं. पण एका सकाळी वळणावर मंडळाच्या गाडीचा हॉर्न वाजला, माडीची खिडकी उघडी राहिल्याचं बायकोच्या लक्षात आलं, आणि ती हातातलं पीठ न झटकता जिना चढत सुटली. वरून तिसऱ्या पायरीवर तिचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. खिडकी त्या दिवशी उघडीच राहिली, आणि त्याबद्दल मंडळाकडून समजेचं पत्र आलं.

दवाखान्यात हाडात सळई घातली. डॉक्टर म्हणाले, "आता जिना बंद. खाली झोपवायचं, संडास जवळ हवा, आणि रोज उन्हात थोडं बसवायचं. उभ्या राहतील, पण वेळ लागेल."

खाली होतं काय? पुढची खोली बॅटऱ्यांची. मागे स्वयंपाकघर, त्यात चूल आणि माणूस यांपैकी एकच मावायचं. संडास मागे ओढ्याच्या बाजूला, पायऱ्या उतरून. मग बायको माडीवर आणि पडदेवाला तिला पाठुंगळी घेऊन जिन्यावर, असा दिनक्रम सुरू झाला. पाहुण्यांचा हंगाम जोरात होता. सकाळ उजाडली की खिडकी बंद. भरदिवसा बायको अंधारात पडून असायची आणि खालून लोकांचा आनंद ऐकायची.

"काय म्हणतायत?" ती विचारायची.

"किती मोकळं वाटतं इथे, असं म्हणतायत."

"मग त्यांना वर पाठवा. जरा मलाही सांगू देत."

पडदेवाला हिरवेसाहेबांकडे गेला. घराच्या पूर्वेला झाडापर्यंत सपाट जागा होती. तिथे एक खोली आणि तिला जोडून संडास-न्हाणी, एवढंच मागणं होतं.

हिरवेसाहेब स्वभावाने गोड होते. नाही म्हणतानाही ते समोरच्याला खुर्ची देत.

"कलावंत," ते म्हणाले, "वहिनींसाठी माझा जीव तुटतो. पण ती जागा चित्रात येते हो. चित्राबाहेर काय हवं ते बांधा. राजवाडा बांधा, नारळ फोडायला मी स्वतः येईन."

"चित्राबाहेर ओढा आहे, साहेब."

"मग ओढ्याशी बोलून बघा."

"साहेब, एकच खोली. एका कोपऱ्यात."

"अहो, आज खोली, उद्या त्यावर पत्रा, परवा पत्र्यावर टाकी. तिकडे परदेशात एक बाई दुकानात उभी आहे. तिच्या हातात आपली बॅटरी आहे. तिला वाटतं, ही बॅटरी त्या कुरणातून आली. तिच्या विश्वासात तुम्ही संडास बांधणार?"

पडदेवाला घरी आला. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, बहिणीच्या उशाशी बसला होता. तो डोंगरापलीकडच्या बॅटरीच्या कारखान्यात कामाला होता. डोंगर मध्ये असल्यामुळे तो कारखाना चित्रात नव्हता, आणि चित्रात नसल्यामुळे देशातही नव्हता.

"काय म्हणाले?" मेव्हण्याने विचारलं.

"चौथऱ्यावरून दिसता कामा नये म्हणाले."

"मग भावजी, ताईला आमच्याकडे नेतो."

"तुझ्या खोलीच्या भिंतींना हात लावला की कारखान्याच्या आम्लाने हात चुरचुरतो," ताई अंथरुणातून म्हणाली. "हाड जुळेल तिथे, पण कातडी जाईल." मग ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही काय तोंड पाडून बसलात? जन्मभर नसलेल्या भिंती उभ्या केल्यात. आता एक असलेली भिंत नाहीशी करा, झालं."

पडदेवाल्याने कानावरची पेन्सिल काढली.

थंडीत पाहुणे येत नसत आणि हिरवेसाहेब राजधानीत अहवाल लिहीत. तेवढ्या काळात खोली उभी राहिली. मेव्हणा सुट्टीच्या दिवशी विटा वाहायचा. खोली बुटकी होती, छप्पर मागून पुढे उतरतं, दार मागच्या अंगाला. छपराला मागच्या बाजूने एक मोठी काच बसवली होती, त्यातून ऊन थेट पलंगावर यायचं. पुढच्या भिंतीला मात्र खिडकी नव्हती, कारण कुरणाला खिडकी नसते. ती भिंत आणि छप्पर पडदेवाल्याने विटांऐवजी फळ्यांचंच केलं, फळ्यांना आतून टेकू दिले, फळ्यांचे सांधे असे घासले की नख अडकेना, आणि त्यावर झुरळांच्या पावडरीचा डबा समोर ठेवून, त्या भिंतीमागे जे झाकलं होतं ते सगळं रंगवून काढलं. गवताची पाती न् पाती. मागच्या डोंगराची उतरती कड. झाडाची लांब सावली, जशी डब्यावर होती तशी, गवतावर पश्चिमेकडे पसरलेली. नाटक कंपनी असती तर पडदा उघडताच टाळी पडली असती.

मंडळाची एक गाय आली, तिने भिंतीचा वास घेतला आणि ती निघून गेली. गाय फसली नाही. पण गाईला तपासणीचे अधिकार नव्हते.

ज्यांना होते, ते थंडी सरल्यावर चौथऱ्यावर चढले. पडदेवाला दारात उभा होता, पहिल्या प्रयोगाच्या दिवशी विंगेत उभा राहायचा तसा. हिरवेसाहेबांनी डबा काढला, हात लांब केला, एक डोळा मिटला. बराच वेळ मिटलेलाच ठेवला.

"तंतोतंत," ते म्हणाले. मग डबा खिशात टाकत, "पूर्वेच्या अंगाला यंदा गवत छान आलंय, नाही?"

"पाऊस बरा झाला," पडदेवाला म्हणाला.

बायको खोलीत राहायला आली. ऊन मिळालं, तशी तिच्या तोंडाला चव आली आणि जिभेला धार. ती पलंगावर बसून विणकाम करायची, मागच्या दारातून ओढ्याशी भांडायची, भिंतीला धरून उभं राहायची. फक्त पाहुणे चौथऱ्यावर असले की तिने बोलायचं नाही, खोकायचं नाही, दिवा लावायचा नाही. शिंक आली तर उशीत तोंड घालायचं.

"माडीवर निदान खिडकी बंद करून माणूस म्हणून पडले होते," ती म्हणायची. "इथे गवत म्हणून पडलेय."

पण ती हसत म्हणायची, आणि पडदेवाल्याला तेवढं पुरे होतं.

गिऱ्हाइकांना नेहमी सकाळीच आणत, कारण फोटो सकाळचा होता. पण त्या दिवशी आलेलं गिऱ्हाईक साधं नव्हतं. परदेशात त्याची गावोगाव दुकानं होती. सगळ्या बॅटऱ्यांचा सौदा त्याच्यावर होता, आणि मेव्हण्याच्या कारखान्यातल्या सगळ्यांची चूल त्या सौद्यावर होती. त्याचं विमान रखडलं. गाड्या पोहोचल्या तेव्हा सूर्य मावळतीला कलला होता.

पाहुणा वाळक्या अंगाचा म्हातारा होता, हातात काठी. तो चौथऱ्यावर चढला. हिरवेसाहेबांनी हात पसरून देश दाखवला. पडदेवाला आदराने बाजूला उभा होता. त्याने सहज कुरणाकडे पाहिलं, आणि त्याला आपली चूक दिसली.

रंगमंचावर सूर्य लाइटवाला लावतो. एकदा लावला की अंक संपेपर्यंत तो तिथेच असतो. त्याच सवयीने पडदेवाल्याने सावली रंगवली होती. आता कुरणातल्या सगळ्या सावल्या पूर्वेला लांबल्या होत्या. गाईंच्या, कुंपणाच्या, खुद्द त्या झाडाचीही एक सावली पूर्वेला पडली होती. आणि झाडाची दुसरी सावली सकाळपासून पश्चिमेलाच पडून होती. भरीला गवताचा एक उतार आपल्या पायाशी ठळक चौकोनी सावली टाकून उभा होता.

पाहुण्याने बरंच पाहून घेतलं. मग तो हिरवेसाहेबांच्या कानाशी काही बोलला.

हिरवेसाहेबांनी खिशात हात घालून डबा चाचपला. "कलावंत," ते हळूच म्हणाले, "पाहुणे विचारतायत, ह्या झाडाला दोन सावल्या कशा?"

त्याच्या उत्तराची वाट न पाहता हिरवेसाहेब स्वतःच पाहुण्याला उत्तर देऊन मोकळे झाले.

"काय सांगितलंत?" पडदेवाल्याने विचारलं.

"एक चालू आहे, एक जपलेली आहे म्हटलं. जुन्या सावल्या आपण हलवत नाही."

पाहुण्याने मान हलवली, चौथऱ्यावरून उतरला आणि काठी टेकत कुरणातून चालू लागला. आजवर कोणी पाहुणा चित्रात शिरला नव्हता. मागून हिरवेसाहेब, त्यांच्या मागून पडदेवाला. पाहुणा गवताच्या उतारापाशी थांबला, वाकला आणि काठीच्या मुठीने डोंगरावर दोनदा टकटक केलं.

डोंगर पोकळ वाजला.

आतून आवाज आला, "कोण आहे? दार मागच्या बाजूला आहे."

हिरवेसाहेबांचा चेहरा रिकाम्या पाटीसारखा झाला. पाहुणा मात्र, भाषा न कळताही, सांगितल्याप्रमाणे मागच्या बाजूला गेला. त्याला पलंग दिसला, पलंगावर विणकाम घेऊन बसलेली बाई दिसली, फळ्यांना दिलेले टेकू दिसले. त्याने टेकू हलवून पाहिले, सांध्यांवरून बोट फिरवलं, बाईला वाकून नमस्कार केला. मग तो पुन्हा पुढे आला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत गिऱ्हाइकाची चमक आली. तो बराच वेळ बोलला.

हिरवेसाहेब ऐकत गेले, तसा त्यांचा रंग परत येत गेला.

"काय म्हणतायत?" पडदेवाल्याने विचारलं. खोली पाडायला माणसं कधी येतील, एवढंच त्याला ऐकायचं होतं.

"त्यांच्या देशात कारखाने उघड्यावर आहेत म्हणे. लोक नावं ठेवतात." हिरवेसाहेबांनी कोटावरचा बिल्ला सरळ केला. "विचारतायत, असे डोंगर आपण किती देऊ शकू."

तेव्हापासून देशाची निर्यात खऱ्या अर्थाने हिरवी झाली. बॅटऱ्यांचा सौदा तर झालाच, पण डोंगरांना आली तशी मागणी लोण्यालाही कधी आली नव्हती. बसके डोंगर, उभे डोंगर, कारखान्यापुढे लावायचे, खाणीपुढे लावायचे, कोपऱ्यात लावायचे. प्रत्येक डोंगराच्या पाठीला ते घराचं लेबल. बॅटरीच्या कारखान्याला लागून शेड उभी राहिली. मेव्हण्याला तिथे मुकादम केलं. डोंगर करायला लाकूड लागायचं, आणि लाकूड डोंगरावरच असतं. तेव्हा मागच्या अंगाने, चौथऱ्यावरून दिसणार नाही अशा बेताने, तोड सुरू झाली.

"भावजी, पलीकडून आपला डोंगर न्हाव्याने अर्धा सोडून दिल्यासारखा दिसतो," मेव्हणा म्हणाला. "पण पगार वेळेवर आहे."

पडदेवाल्याने एकदाच नकार देऊन पाहिला. नमुना रंगवायचा, शेडमधल्या रंगाऱ्यांना शिकवायचं, परत पाहुण्यांसमोर उभं राहायचं, हे आपल्याच्याने होणार नाही, असं तो हिरवेसाहेबांना म्हणाला. साहेबांनी खुर्ची दिली.

"तुमच्यावर सक्ती कशी करू? तुम्ही कलावंत. फक्त एक सांगा, कुरणात ते जे उभं आहे, ती खोली आहे की नमुना?"

"खोली आहे."

"खोली बेकायदा आहे हो. ती पाडावी लागेल. नमुना मात्र कायदेशीर आहे. म्हणून विचारतो. घाई नाही, चहा घ्या."

पडदेवाल्याने चहा घेतला. बाहेर पडला तेव्हा तो नमुना झाला होता.

नमुन्यात बायकोला राहू द्यायला मंडळाची हरकत नव्हती. हरकत नव्हती म्हणजे, ती तिथे असायलाच हवी होती. त्या म्हाताऱ्या पाहुण्याने आपल्या देशात जाऊन तो किस्सा सगळ्यांना सांगितला होता. आता येणारा प्रत्येक जण डोंगरावर टकटक करायचा आणि कान देऊन थांबायचा. आतून "कोण आहे? दार मागच्या बाजूला आहे" असं आलं की सगळे माना मागे टाकून हसायचे, मग मागे जाऊन टेकू पाहायचे आणि ऑर्डर द्यायचे. कार्यक्रमात ते पक्कं झालं, आणि दोन सावल्या दिसाव्यात म्हणून वेळ संध्याकाळची ठरली. गाडी, चौथरा, सावली, टकटक, आवाज, टेकू, आणि शेवटी मंडळाच्या गाईंचं दूध.

एकदा बायको वैतागून "उघडंच आहे, या" म्हणाली. पाहुणे गोंधळले. हिरवेसाहेब हळूच आत आले. "वहिनी, मूळचंच वाक्य ठेवूया. सूरही तोच, किंचित दचकल्यासारखा."

"तीच ती टकटक ऐकून दचकू कशी?"

"त्यालाच तर कला म्हणतात."

साहेब गेल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "कंपनीत असताना मॅनेजरच्या हातापाया पडले होते, एका वाक्याचं काम द्या म्हणून. तेव्हा दिलं नाही मेल्याने. आता मिळालंय तर संपत नाही."

तिचं हाड जुळलं. आधी ती भिंतीला धरून चालली, मग काठीने, मग ओढ्यापर्यंत जाऊन आली. डॉक्टरांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, "आता हिंडा, फिरा, जिथे जायचं तिथे जा." घरी आल्यावर तिने पिशवी काढली.

"दादल्याला सोडून कुठे चाललीस?" पडदेवाल्याने हसून विचारलं, कारण न हसता विचारायची त्याला भीती वाटली.

"भावाकडे. मुकादम झाल्यापासून नवीन घर मिळालंय त्याला. भिंती चुरचुरत नाहीत म्हणतो. त्याच्या गच्चीत बसेन. दिवसभर खोकेन."

"परत कधी येशील?"

"खोकून झालं की." तिने विणलेला पिवळाधमक स्वेटर अंगात घातला. "तुम्हीही चला."

"मी कसा येऊ? उद्याही गाड्या आहेत."

"मी कुठे म्हटलं उद्या? आत्ता चला."

"आत्ताही आहेत."

ती पलंगावर बसली. आवाज खाली आला. "अहो, ही खोली तुम्ही माझ्यासाठी बांधलीत. मला ठाऊक आहे. दुसऱ्या कोणी एवढं केलं नसतं. पण आता मला चालता येतं. चालता येणाऱ्या माणसाने खोलीत कशासाठी थांबायचं?"

"तू नसलीस तर आवाज कोण देणार? आवाज आला नाही तर नमुना अपुरा. अपुरा म्हटलं की ती खोली झाली. खोली झाली की पाडतील."

"पाडू देत."

"आणि मग शेड? तुझ्या भावाचं घर?"

भावाच्या गच्चीत बसायचं तर गच्ची असायला हवी, हे तिलाही कळत होतं. तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"तुम्ही द्या आवाज," ती म्हणाली. "एकदा दौऱ्यावर राणी आजारी पडली तेव्हा तुम्हीच उभे राहिला होतात. लोकांना कुठे कळलं?"

"लोकांना कळलं होतं. पण पैसे परत मिळणार नव्हते."

दोघं हसली. वळणावर हॉर्न वाजला. पडदेवाला सवयीने उठला, आणि उठून काय करायचं ते न सुचल्याने पुन्हा बसला, पलंगावर, तिच्या जागी. तिने पांघरूण त्याच्या पायांवर ओढलं, उशी पाठीशी सारली.

"किंचित दचकल्यासारखं," ती म्हणाली.

"मागून जा गं, ओढ्याच्या वाटेने. चौथऱ्यावरून दिसशील."

"ओढ्याची वाट निसरडी आहे. डॉक्टरांनी हिंडा म्हटलंय, पडा नाही म्हटलं."

ती पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली. काठीचा आवाज भिंतीच्या कडेकडेने पुढे गेला आणि गवतात विरला. म्हणजे ती सरळ कुरणात शिरली होती. चित्राच्या मधोमध, पिवळा स्वेटर घालून, गाईंच्या मधून रस्त्याकडे.

पडदेवाला उठून पुढच्या भिंतीपाशी गेला. तिला एकदा जाताना पाहावं, म्हणून फळ्यांमध्ये कुठे फट सापडते का, ते चाचपू लागला. वरून खालपर्यंत बोटं फिरवली. फट कुठेच नव्हती. सांधे त्यानेच घासले होते.

बाहेर चौथऱ्यावर गलका थांबला. कोणीतरी काहीतरी विचारलं. हिरवेसाहेब डबा काढून एक डोळा मिटत असणार, हे पडदेवाल्याला भिंतीमागूनही दिसलं. आता ते ओरडतील, तिला मागे बोलावतील, आणि एकदाचं सगळं संपेल. आपण घाबरलोय की वाट पाहतोय, हे त्याचं त्यालाच कळेना.

मग साहेबांचा गोड, शांत आवाज परक्या भाषेत आला; रोज ऐकून ऐकून पडदेवाल्याला ती आता एवढी कळायची.

"ह्या बाई रोज ह्याच वेळी इथून जातात."

पाहुण्यांनी आनंदाचा हुंकार दिला. कॅमेरे वाजले. पडदेवाल्याने कपाळ फळीला टेकवलं. साहेब एकदा जे म्हणत ते पुढे कार्यक्रमात येई, आणि कार्यक्रमात आलेलं कधी जात नसे. उद्या सकाळी मंडळाची गाडी मेव्हण्याच्या दारात उभी राहील, आदबीने, आणि तिला स्वेटरसकट घेऊन येईल. तिला हे रस्त्याला लागेपर्यंत तरी कळू नये, असं त्याला वाटलं.

पावलं गवतातून जवळ आली. तो घाईने पलंगावर गेला आणि पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

टकटक झालं.

त्याने घसा साफ केला, आवाज बारीक केला.

"कोण आहे?" तो म्हणाला, आणि खरोखरच किंचित दचकला.